मळ्यातली विहीर, उसाचा युरिया आणि दोन महिन्यांचं बाळ

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी नेरूळला राहतो, मूळ गाव शिरोळ तालुक्यात. थोरला भाऊ गावी मळ्यात राहतो, साडेचार एकर ऊस आहे. पुतणी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे, बाळ आता दोन महिन्यांचं होईल. तिला दूध पुरत नाही म्हणून डॉक्टरांनी डब्याचं दूध सुरू करायला सांगितलं. ते कालवायला मळ्यातल्या विहिरीचं पाणी वीस मिनिटं खळखळून उकळून घेतात. नळयोजना गावठाणापर्यंतच आहे, मळ्यात आलेली नाही.

मागच्या महिन्यात गावी गेलो होतो तेव्हा त्या विहिरीचं पाणी एका बाटलीत भरून रात्रीच्या बसने इकडे आणलं आणि इथल्या एका खासगी प्रयोगशाळेत दिलं. रिपोर्ट असा आहे (आकडे लिटरला मिलिग्रॅममध्ये): टीडीएस म्हणजे विरघळलेले एकूण क्षार ९४०, काठिण्य ४६०, नायट्रेट १४.२, जंतू नाहीत. नायट्रेटची मर्यादा ४५ आहे असं वाचलं. म्हणजे काळजीचं कारण नाही ना?

दादा म्हणतो, "आज्ज्यापास्नं हेच पाणी पितोय, काय झालंय कुणाला?" पण विहिरीच्या चारी अंगांना ऊस आहे. यंदाच्या आडसालीला (पावसाळ्यात लावलेल्या, साधारण दीड वर्षाच्या उसाला) त्याने एकरी बारा पोती युरिया दिला, डीएपी आणि १०:२६:२६ ही खतं (आकडे नत्र म्हणजे नायट्रोजन, स्फुरद आणि पालाश यांच्या टक्क्यांचे) वेगळी. म्हणून इथे विचारतोय. जाणकारांनी सांगावं.

काळा_कातळ

पंचगंगाकाठ, आधी एक काम करा. रिपोर्टमध्ये नायट्रेट या शब्दाच्या पुढे कंसात काय लिहिलंय ते नीट बघा. 'ॲज एनओ३' (पूर्ण नायट्रेट) की 'ॲज एन' (त्यातलं फक्त नत्र)? मी भूजलाच्या कामात तीस वर्षं काढली आणि आता पाचपाखाडीत निवृत्तीचे दिवस घालवतोय. या एका कंसामुळे लोक फसलेले मी खूप पाहिलेत.

पंचगंगाकाठ

'ॲज एन' लिहिलंय. बारीक अक्षरात.

काळा_कातळ

मग १४.२ हा आकडा फक्त नत्राचा आहे. नायट्रेटमध्ये काढायचा तर ४.४३ ने गुणा. जवळपास ६३ येतं. आपल्या भारतीय मानकात (आयएस १०५००) ४५ ची मर्यादा आहे ती नायट्रेटची, आणि टीडीएस किंवा काठिण्याला पर्यायी स्रोत नसल्यास जशी सवलत मिळते तशी नायट्रेटला अजिबात नाही. ४५ म्हणजे ४५. तुमची विहीर मर्यादेच्या वर आहे.

बाकी चर्चा सावकाश करू. आजच्या आज घरी फोन करा आणि बाळाचं दूध त्या पाण्यात कालवणं थांबवा. उकळण्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटतं आणि तेवढंच नायट्रेट कमी पाण्यात उरतं. वीस मिनिटं खळखळून उकळलं तर ६३ चं ८० ही होऊ शकतं. वहिनींनी मनापासून काळजी घेतली आणि नेमका त्यानेच आकडा वाढला, हे त्यांना दोष न देता समजावून सांगा.

ऐरोलीची_ताई

मी बालरुग्ण विभागात परिचारिका आहे. काकांनी सांगितलं त्यात भर घालते, घाबरवण्यासाठी नाही.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या पोटात आम्ल कमी असतं. तिथे नायट्रेटचं नायट्राइट होतं आणि ते रक्तात गेलं की हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहून नेता येत नाही. बाळाचे ओठ, नखं, तळवे निळसर किंवा राखाडी दिसायला लागतात. १९४५ साली अमेरिकेत आयोवा राज्यातल्या हंटर कॉम्ली नावाच्या डॉक्टरांनी शेतातल्या विहिरीच्या पाण्यावर वाढवलेल्या बाळांमध्ये हे पहिल्यांदा नोंदवलं. त्या बाळांचंही दूध विहिरीच्या पाण्यातच कालवलेलं होतं. तुमच्या घरची परिस्थिती अगदी तशीच आहे म्हणून सांगते.

६३ ला लगेच काही होईलच असं नाही. पण जुलाब झालेल्या बाळाला धोका वाढतो आणि खेड्यात पावसाळ्यात जुलाब नवीन नाहीत. ओठ निळे दिसले तर वाट बघू नका, गाडी काढून दवाखाना गाठा. वेळेत गेलं तर यावर औषध आहे.

आईचं दूध सुरक्षित आहे. आईने ते पाणी प्यायलं तरी दुधात नायट्रेट फारसं उतरत नाही, त्यामुळे जेवढं अंगावर पाजता येईल तेवढं पाजू द्या. आंघोळीला ते पाणी चालेल. आणि एक गोष्ट घरात कोणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहिते: बाळगुटी उगाळायला, मध्येच 'तहान लागली असेल' म्हणून चमच्याने पाजायला, त्यासाठीही तेच पाणी वापरलं जातं. सहा महिने बाळाला वरचं पाणी लागतच नाही.

पंचगंगाकाठ

फोन केला. दादा गावठाणातून नळाचं पाणी दोन कॅन घेऊन आला. वहिनी रडली. मी रिपोर्ट हातात घेऊन तीन आठवडे निवांत बसलो होतो, तीन आठवडे. त्या प्रयोगशाळेने नायट्रेटसमोर मर्यादा ४५ अशी छापली आहे आणि आकडा मात्र दुसऱ्या मापात दिला आहे. हे कसं चालतं?

पाटपाणी

चालू नये, पण होतं. त्यांना लेखी कळवा, पुढच्या माणसाचा घोटाळा टळेल.

आता मूळ विषयाकडे. मी कृषी पदवीधर, कोल्हापूरचाच, नोकरीनिमित्त कल्याणला. सगळं खापर युरियावर, म्हणजे शेतकऱ्यावर फुटायच्या आधी विचारतो: विहिरीपासून गोठा किती लांब? उकिरडा कुठे? संडासाचा शोषखड्डा कुठे? जनावरांच्या मुतातून आणि मैल्यातूनही तेच नायट्रेट बनतं. गावोगावी शौचालयं झाली हे चांगलंच झालं, पण विहिरीपासून खड्डा किती अंतरावर खणला हे कुणी बघितलं नाही.

पंचगंगाकाठ

गोठा विहिरीपासून तीस-पस्तीस फुटांवर. चार म्हशी. उकिरडा गोठ्याला लागून. शोषखड्डा घराच्या मागे, विहिरीपासून बराच लांब.

काळा_कातळ

मग दोन्हीचा वाटा असणार. पाटपाणी यांचा मुद्दा रास्त आहे. तरी उसाचा हिशोब मांडून बघू.

राहुरी कृषी विद्यापीठाची आडसाली उसाची शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्राची आहे. एकरी १६० किलो. युरियात ४६ टक्के नत्र असतं, म्हणजे सगळं नत्र युरियातूनच द्यायचं म्हटलं तरी एकरी साधारण ३४८ किलो युरिया. हल्ली पोतं ४५ किलोचं येतं, तर पावणेआठ पोती. तुमच्या दादाने बारा दिली आणि डीएपी, १०:२६:२६ मधलं नत्र त्यावर. शिफारसच मुळात भरपूर आहे, त्याच्याही दीडपट झालं.

पिकाला यातलं निम्मं लागू पडलं तरी नशीब. राहिलेलं काही हवेत उडतं, काही मातीत अडकतं आणि काही पाण्याबरोबर खाली जातं. खाली जाण्याचं कारण सोपं आहे. युरियाचा आधी अमोनियम होतो, तो चिकणमातीला धरून राहतो. मग मातीतले जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. मातीच्या कणांवर ऋण भार आणि नायट्रेटवरही ऋण भार, त्यामुळे माती त्याला धरत नाही. पाणी जाईल तिकडे ते जातं.

आता हे लक्षात ठेवा: एक किलो नत्र भूजलात पोचलं तर एक लाख लिटर स्वच्छ पाणी मर्यादेच्या काठावर आणून ठेवतं. एक किलो नत्र म्हणजे सव्वादोन किलोही युरिया नाही. एका पोत्यात असं नत्र वीस किलोच्या वर असतं. वीस लाख लिटर पाणी, एका पोत्यात.

विदर्भकन्या

हा हिशोब वाचून थांबले. मी वर्ध्याची, कळव्यात राहते.

केंद्रीय भूजल मंडळाचा २०२४ चा वार्षिक गुणवत्ता अहवाल आला तेव्हा देशात नायट्रेट सर्वाधिक असलेल्या १५ जिल्ह्यांत महाराष्ट्रातले सात होते: वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव, यवतमाळ. देशभरात साधारण २० टक्के नमुने मर्यादेच्या वर होते, महाराष्ट्रात ३५ टक्क्यांच्या वर. माझ्या माहेरचा जिल्हा त्या यादीत, आणि आमच्याकडे ऊस नाहीच म्हटलं तरी चालेल. कापूस, सोयाबीन, तूर. तेव्हा हा प्रश्न फक्त 'पाणी पिणाऱ्या उसाचा' आहे असं समजू नका. आमच्याकडे फ्लोराइडबद्दल थोडं तरी बोललं जातं, कारण दात पिवळे पडलेले दिसतात. नायट्रेट दिसत नाही. रंग नाही, वास नाही, चव नाही. आई म्हणते, "आपल्या विहिरीचं पाणी किती गोड आहे."

काळा_कातळ

ताई, वऱ्हाडातल्या काळ्या मातीचं एक वैशिष्ट्य सांगतो, शिरोळलाही ते लागू आहे. ही माती ओली असताना पाणी सहज खाली सोडत नाही, म्हणून लोकांना वाटतं खत वरच राहील. पण उन्हाळ्यात तिला हातभर खोल भेगा पडतात. पहिल्या वळवाचं, मृगाचं पाणी मातीत मुरत बसत नाही, त्या भेगांतून सरळ खाली उतरतं आणि वर साठलेलं सगळं घेऊन जातं. खाली मुरूम, मग फुटलेला काळा पाषाण. आपल्या राज्याचा ८० टक्क्यांच्या वर भाग या बेसाल्टवर आहे. त्यात पाणी राहतं ते वरच्या झिजलेल्या थरात आणि सांध्या-भेगांमध्ये. वाळूसारखी गाळणी नाही. उथळ विहिरीचं पाणी म्हणजे एका अर्थी शेताचंच पाणी.

म्हणून नमुना वर्षातून दोनदा घ्यावा, एक मेमध्ये आणि एक पावसाळा सरल्यावर. एकाच रिपोर्टवर विसंबू नका.

भातसाकाठ

शहापूरहून लिहितोय. आमच्याकडे भात निघाला की भेंडी, काकडी, कारलं. भेंडी तर परदेशात जाते. सगळं ठिबकवर आणि विद्राव्य खतांवर चालतं: १९:१९:१९, १२:६१:००, शेवटी १३:००:४५. एक दिवसाआड टाकीत खत सोडायचं. ठिबकने पाणी वाचतं हे खरं, पण पाणी जास्त वेळ सोडलं तर मुळांच्या खाली खतच जातं हे मला उशिरा कळलं.

बाकी आमच्या तालुक्याचं दुःख सगळ्यांना माहीत आहे. भातसा, तानसा, मोडकसागर इथेच, पाणी मुंबईला आणि उन्हाळ्यात आमच्या पाड्यांवर टँकर. अशा ठिकाणी जी एखादी विहीर मेमध्येही जिवंत असते ती नासली तर बाया जाणार कुठे? म्हणून हा धागा मला जवळचा वाटला.

मेथीची_जुडी

वाशीच्या भाजी मार्केटमध्ये आमचा गाळा आहे, त्यामुळे दुसरी बाजू सांगते. पहाटे माल उतरतो तेव्हा किरकोळवाला पहिली कुठली जुडी उचलतो? जी काळीभोर हिरवी आहे, पान रुंद आहे ती. फिकट मेथी, लहान पानांचा पालक मागे राहतो आणि नऊ वाजता पडेल भावात जातो. शेतकरी हे बघतो. पुढच्या वेळी काढणीच्या आठ दिवस आधी युरियाचा हात फिरवतो. पालकासारख्या पालेभाजीत जास्तीचं नायट्रेट पानातही साठतं. म्हणजे ते थोडं आपल्या ताटात येतं आणि बाकीचं त्याच्या विहिरीत जातं. नेरूळ, ठाणे, घणसोलीच्या आपल्या गिऱ्हाइकांच्या डोळ्यांनाच ती हिरवाई हवी असते. मी स्वतः गिऱ्हाइकांना फिकट जुडी हातात देऊन सांगायला लागले आहे. काही घेतात.

पाटपाणी

मेथीताई, हे फार कमी लोक बोलतात. धन्यवाद.

दादाला बारा पोती का लागली तेही समजून घ्यायला हवं. युरियाचं ४५ किलोचं पोतं २६६ रुपये ५० पैशांना, डीएपीचं ५० किलोचं १३५० ला. २०१० मध्ये अन्नद्रव्यांवर आधारित अनुदान आलं तेव्हा युरिया त्यातून बाहेरच ठेवला गेला. स्फुरद-पालाश महाग झालं आणि नत्र स्वस्त राहिलं. हातात पैसे नसले की माणूस स्वस्त पोतं उचलणारच, आणि चार दिवसांत ऊस हिरवागार दिसतो, त्यामुळे पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं. २०१५ पासून सगळा युरिया निंबोळी लेपित आहे. त्याने नत्र सुटायचा वेग थोडा कमी होतो, पण जास्तीचं टाकलेलं जास्तीचंच राहतं.

दादाला एकदम 'निम्मं कर' म्हणू नका, ऐकणार नाही. दोन गोष्टी करायला लावा. माती परीक्षण, आणि खताचे हप्ते. शिफारशीतच चार हप्ते आहेत: लागणीला १० टक्के, दीड-दोन महिन्यांनी ४०, तीन-चार महिन्यांनी १०, मोठ्या बांधणीला (बुंध्याला मातीची भर देताना) ४०. आपल्याकडे मजूर मिळत नाही म्हणून दोनदाच फेकतात आणि लगेच पाटाने पाणी देतात. तेच पाणी खत खाली नेतं. वाफसा बघून (माती फार ओलीही नाही, कोरडीही नाही अशी असताना), मातीआड करून द्यायचं. खोडव्याला (तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसाला) पाचट, म्हणजे वाळलेला पाला, न जाळता सरीत दाबलं तर दोन-तीन हंगामांत फरक दिसतो.

घोडबंदर_रोड

मध्येच विचारतो, माफ करा. आमच्या सोसायटीत बोअर आहे आणि उन्हाळ्यात टँकर. शेती जवळपास नाही. तरी नायट्रेट तपासावं का? आणि टीडीएस मीटरवर कळेल का?

काळा_कातळ

तपासा. शहरात ते गळक्या मलवाहिन्यांतून येतं. टीडीएस मीटर एकूण क्षार सांगतो, त्यात नायट्रेट किती हे नाही. टीडीएस ३०० असूनही नायट्रेट जास्त असू शकतं. यूव्ही, तुरटी, क्लोरीन, साधा कँडल फिल्टर यांपैकी कशानेही ते जात नाही. आरओने बरंच कमी होतं.

गावाकडे हीच गफलत टीसीएलबाबत (ब्लीचिंग पावडरबाबत) आहे. पावसाळ्याआधी विहिरीत पावडर टाकली, ग्रामपंचायतीला हिरवं कार्ड मिळालं की पाणी चांगलं, असा समज पक्का झालाय. लाल, पिवळं, हिरवं कार्ड हे साथरोगाच्या जोखमीचं आहे, आणि ते काम मोलाचं आहे, कॉलरा-काविळीने माणसं दगावत होती. पण त्या कार्डाच्या रंगावरून नायट्रेटबद्दल काही कळत नाही.

पंचगंगाकाठ, तुमचा पहिला नमुना रात्रभर बसच्या उकाड्यात आला. जिवाणूंमुळे आकडा वर-खाली होऊ शकतो. पुन्हा घ्या. एक लिटरची स्वच्छ बाटली, त्याच पाण्याने तीनदा विसळून, काठोकाठ भरून, बर्फात ठेवून, शक्यतो त्याच दिवशी पोचवा. इकडे आणू नका. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची जिल्हा प्रयोगशाळा कोल्हापुरात आहे. आणि एकच बाटली नको: विहीर, शेजारची बोअर, गावठाणाचा नळ, तिन्ही द्या.

विदर्भकन्या

जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायचं किट चालवायला शिकवायचं ठरलेलं आहे. त्या किटमध्ये नायट्रेटची चाचणी असते. रंग जुळवून बघायचं, पाच-दहा मिनिटांत कळतं. ग्रामपंचायतीत विचारा. आमच्या गावी किट कपाटात होतं, सील न फोडलेलं. मी आणि माझ्या चुलत जावेने मिळून उघडायला लावलं आणि अकरा विहिरी तपासल्या. चार ठिकाणी रंग गडद आला. त्या चार विहिरींवर आम्ही 'लहान बाळांसाठी नको' असं खडूने लिहिलं. ते दुसऱ्या दिवशी कुणीतरी पुसलं. परत लिहिलं, ऑइलपेंटने.

ऐरोलीची_ताई

विदर्भकन्या, तुमचे हात धरावेसे वाटतात.

मोठ्या माणसांबद्दलही विचारलं जाईल म्हणून थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१० मध्ये, शरीरात नायट्रोसो संयुगं तयार होतील अशा परिस्थितीत पोटात जाणारं नायट्रेट 'बहुधा कर्करोगकारक' या गटात ठेवलं. म्हणून 'आज्ज्यापास्नं पितोय' हे उत्तर पुरेसं नाही. शिवाय आजोबांच्या काळी त्या मळ्यात बारा पोती युरिया पडत नव्हता. विहीर तीच आहे, पाणी ते नाही.

भातसाकाठ

शेवटचं वाक्य मी आमच्या गटाच्या बैठकीत वाचून दाखवणार आहे, परवानगी असेल तर.

पाटपाणी

शिरोळचा विषय निघालाच आहे तर क्षारपडीचं, म्हणजे क्षार साठून जमीन नापीक होण्याचं, बोलल्याशिवाय राहवत नाही. कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या जमिनी पाटपाण्याने आणि निचऱ्याअभावी चोपण झाल्या. नीरा कालव्यावर हेच शंभर वर्षांपूर्वी दिसलं होतं. आता शिरोळ भागात शेतकरी एकत्र येऊन जमिनीखालून सच्छिद्र पाइपांनी निचरा करतात, पडीक रानात पुन्हा ऊस उभा राहतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि त्याचा अभिमान आहे. पण त्या पाइपातून निघणारं पाणी ओढ्याला आणि ओढा नदीला. क्षार आणि नायट्रेट घेऊनच ते जातं. खालच्या गावाचा नळ त्याच नदीवर आहे. खताचा हात आखडल्याशिवाय हे फक्त एका जागेवरून दुसऱ्या जागी जाईल.

पंचगंगाकाठ

पंधरा दिवसांनी लिहितोय. स्वतः गेलो होतो, काकांनी सांगितलं तसे नमुने घेतले, थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून दुपारच्या आत कोल्हापुरात दिले. आज आकडे आले, सगळे 'ॲज एनओ३': मळ्यातली विहीर ५८. दोनशे फुटांवरची शेजाऱ्याची बोअर ३१. गावठाणाचा नळ ६.

दादाने कागद हातात घेतला, बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "म्हंजे ह्यात माझाच युरिया हाय." मी म्हटलं थोडा म्हशींचाही. उकिरडा दुसऱ्या दिवशी हलवला, विहिरीच्या उताराच्या बाजूला, लांब. विहिरीला कठडा नव्हता आणि पावसाचं पाणी थेट आत जात होतं, तो बांधायला गवंडी सांगितला आहे. माती परीक्षणाला दिली. मोठ्या बांधणीचा हप्ता तो पाटपाणी यांच्या हिशोबाने देणार आहे, पण दोन एकरांतच. उरलेल्या अडीच एकरांत जुन्या पद्धतीने. "दोन्ही तोडीचं वजन बघतो, मग बोल," म्हणाला. मला ते पटलं.

बाळ छान आहे. रोज सकाळी दूध घालून परत येताना दादा दोन कॅन नळाचं पाणी घेऊन येतो. वहिनीने त्यांच्यावर लाल दोरा बांधून ठेवलाय, घरात दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

पुढचा नमुना दिवाळीनंतर घेईन, आकडा इथेच टाकतो.